गास्तों प्लांते: संपलेली बॅटरी पुन्हा भरणारा माणूस

फोन चार्जिंगला लावणं आपल्या अंगवळणी पडलंय. पण गास्तों प्लांतेच्या काळी बॅटरी संपली की तिच्यातली रसायनंच बदलावी लागायची. १८३४ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवून त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवली. वीज वापरली की दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट जमायचं. उलट दिशेने वीज सोडली की एकावर पुन्हा शिसं, दुसऱ्यावर लेड डायऑक्साइड!

अडचण एकच: चांगले डायनामो अजून आले नव्हते, त्यामुळे ही बॅटरी चार्ज करायला दुसरी बॅटरीच लागायची. तरी तो वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिला. १८८९ मध्ये तो गेला. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत आजही त्याचीच युक्ती चालते.