दोमेनिको मोदुन्यो

दोमेनिको मोदुन्यो (९ जानेवारी १९२८ – ६ ऑगस्ट १९९४) हे इटालियन गायक, गीतकार, संगीतकार, अभिनेते आणि उत्तरायुष्यात इटलीच्या संसदेचे सदस्य होते. 'नेल ब्लू दिपिंतो दि ब्लू' हे त्यांचे गीत जगभर 'व्होलारे' म्हणजे 'उडणे' या नावाने ओळखले जाते. १९५८ साली या गीताने अमेरिकेतील बिलबोर्ड यादीत पहिले स्थान मिळवले आणि पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात दोन प्रमुख पुरस्कार पटकावले. सानरेमो संगीत महोत्सव त्यांनी चार वेळा जिंकला. हा विक्रम त्यांच्या आणि क्लाउदिओ विल्ला यांच्या नावावर आहे. स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले गीत स्वतःच गाणाऱ्या कलावंतांची जी परंपरा इटलीत पुढे बहरली, तिचे आद्य प्रवर्तक म्हणून मोदुन्यो यांचे नाव घेतले जाते.

बालपण आणि जडणघडण

मोदुन्यो यांचा जन्म दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात, बारी शहराजवळच्या पोलिन्यानो आ मारे या गावी झाला. एड्रियाटिक समुद्रावर झुकलेल्या चुनखडीच्या कड्यावर हे गाव वसलेले आहे. चार भावंडांत ते धाकटे. वडील नगरपालिकेच्या पोलीस दलात अधिकारी होते व त्यांना संगीताची आवड होती. गिटार आणि अकॉर्डियन या वाद्यांचे पहिले धडे दोमेनिको यांनी वडिलांकडूनच घेतले.

ते लहान असतानाच वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब ब्रिंदिसीजवळच्या सान पिएत्रो वेर्नोतिको या गावी राहावयास गेले. हे स्थलांतर त्यांच्या पुढील कारकिर्दीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पोलिन्यानोची बोली आणि सालेंतो भागातील ही बोली यांत मोठे अंतर आहे. सालेंतोची बोली ध्वनीच्या दृष्टीने सिसिलीच्या भाषेला जवळची आहे. या बोलीत वाढल्यामुळे मोदुन्यो यांना पुढे सिसिलियन भाषेत गाणे सहज जमले, आणि त्यातूनच जन्मगावाशी त्यांचा दीर्घकाळचा दुरावाही निर्माण झाला.

विशीच्या आतच ते घर सोडून तोरिनोला गेले. तेथे मिळेल ते काम करून त्यांनी काही काळ काढला. लष्करी सेवा संपल्यावर अभिनेता होण्याच्या ओढीने त्यांनी रोम गाठले आणि तेथील चित्रपट प्रशिक्षण केंद्रात प्रवेश मिळवला. फ्रांका गांदोल्फी या मूळच्या सिसिलीच्या अभिनेत्रीशी त्यांची ओळख तेथेच झाली. १९५५ साली दोघांचा विवाह झाला. त्यांना तीन मुलगे झाले.

बोलीभाषेतील गीते

गायक म्हणून मोदुन्यो यांच्याकडे प्रथम लक्ष गेले ते एका चित्रपटामुळे. 'कारिका एरोइका' (१९५२) या युद्धपटात त्यांनी सिसिलियन सैनिकाची छोटी भूमिका केली व त्यात एक अंगाईगीत गायले. त्यानंतर इटलीच्या राष्ट्रीय नभोवाणीवर त्यांना कार्यक्रम मिळाले. या काळातील त्यांची गीते शहरी प्रेमगीतांपेक्षा वेगळी होती. खाणकामगार, मच्छीमार आणि प्राणी हे त्यांचे विषय होते. 'लू पिशे स्पादा' हे गीत तलवारमाशांच्या जोडीविषयी आहे: मादी जाळ्यात सापडते आणि नर तिला सोडून जाण्याऐवजी स्वतः मरण पत्करतो. मोदुन्यो यांनी हे गीत एखाद्या नाटकातील प्रवेशाप्रमाणे, आवाज बदलून आणि आरोळ्या देऊन गायले आहे. अभिनयाचे शिक्षण त्यांच्या गायनात किती मुरले होते, हे या ध्वनिमुद्रणातून कळते.

या गीतांमुळे श्रोते त्यांना सिसिलीचेच समजू लागले. त्या बेटाला लोकसंगीताच्या क्षेत्रात जी प्रतिष्ठा होती ती पुलियाला नव्हती, आणि मोदुन्यो यांनीही हा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. पोलिन्यानोच्या लोकांना ही गोष्ट फार लागली. गावाने हे अनेक वर्षे मनात ठेवले.

१९५५ सालचे 'वेक्कियो फ्राक' हे त्यांचे शुद्ध इटालियनमधील पहिले श्रेष्ठ गीत मानले जाते. मध्यरात्री जुना टेलकोट घातलेला एक देखणा पुरुष शहरातून एकटाच चालत जातो आणि पहाटे नदीच्या पाण्यावर तरंगताना दिसतो, एवढाच त्यातील प्रसंग आहे. रायमोंदो लांझा दी त्राबिया या सिसिलियन सरदाराच्या १९५४ मधील आत्महत्येचा संदर्भ या गीतामागे असल्याचे मानतात. त्या काळी सरकारी नभोवाणीचे परीक्षक गीतांचे शब्द बारकाईने तपासत. त्यांच्या आक्षेपांमुळे 'वेक्कियो फ्राक' आणि 'रेस्ता कू म्मे' या दोन्ही गीतांतील काही शब्द बदलावे लागले. प्रेयसीच्या पूर्वायुष्याचा साधा उल्लेखही तेव्हा चालत नसे.

'व्होलारे' आणि १९५८ सालचा सानरेमो

१९५१ साली सुरू झालेला सानरेमो महोत्सव हा इटलीतील सुगम संगीताचा सर्वांत मोठा सोहळा होय. तेव्हा स्पर्धा गायकांची नसून गीतांची असे, आणि प्रत्येक गीत दोन वेगवेगळे गायक सादर करीत. आई, गाव, हरवलेले प्रेम, देवावरील श्रद्धा हे ठरलेले विषय होते. गायक ताठ उभा राहून, फार तर एक हात छातीवर ठेवून गाई.

मोदुन्यो आणि त्यांचे मित्र फ्रांको मिल्याच्ची यांनी लिहिलेले गीत या साच्यात बसणारे नव्हते. एक माणूस स्वप्नात आपले हात आणि चेहरा निळा रंगवतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन आकाशात उडू लागतो, अशी त्यातील कल्पना आहे. ही कल्पना मार्क शागाल यांच्या चित्रांच्या प्रती पाहून सुचली, असे मिल्याच्ची सांगत. गीताच्या जन्माविषयी दोघांच्या आठवणी पुढे एकमेकांशी जुळेनाशा झाल्या. यशस्वी गीतांच्या बाबतीत असे वारंवार घडते.

महोत्सवात हे गीत मोदुन्यो आणि नवोदित गायक जॉनी दोरेल्ली यांनी गायले. ध्रुपदाशी येताच मोदुन्यो यांनी दोन्ही हात पूर्ण पसरले. आज ही कृती क्षुल्लक वाटेल. परंतु दूरचित्रवाणी सुरू होऊन अवघी चार वर्षे झालेल्या देशात प्रेक्षकांनी गायकाला असे शरीरासह गाताना क्वचितच पाहिले होते. सभागृह उठून उभे राहिले व गीताने पहिले पारितोषिक जिंकले. युद्धाच्या विध्वंसातून सावरून इटली तेव्हा औद्योगिक भरभराटीच्या उंबरठ्यावर होती. देशाच्या त्या मनःस्थितीशी या गीताचे नाते समीक्षक नेहमी जोडतात, आणि ते अनाठायी नाही.

मार्च १९५८ मध्ये नेदरलँड्समधील हिल्व्हर्सम येथे झालेल्या युरोव्हिजन स्पर्धेत मात्र या गीताला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. प्रक्षेपणातील बिघाडामुळे मोदुन्यो यांना तेथे ते दोनदा गावे लागले होते. विजेते ठरलेले फ्रेंच गीत आज फारसे कोणाला आठवत नाही.

अमेरिकेत बिलबोर्ड नियतकालिकाने ऑगस्ट १९५८ मध्ये 'हॉट १००' ही नवी यादी सुरू केली. त्याच महिन्यात मोदुन्यो यांचे मूळ इटालियन ध्वनिमुद्रण या यादीत अग्रस्थानी पोहोचले आणि मध्ये एका आठवड्याचा खंड धरून एकूण पाच आठवडे तेथे राहिले. वर्षअखेरीच्या एकत्रित यादीतही तेच पहिले होते. इंग्रजी भाषांतराविना, परक्या भाषेतील गीताने असे यश मिळवणे ही अपूर्व घटना होती. मे १९५९ मध्ये झालेल्या पहिल्या ग्रॅमी सोहळ्यात 'वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण' आणि 'वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत' हे दोन्ही सन्मान त्याला मिळाले. डीन मार्टिन यांच्यापासून जिप्सी किंग्ज या गटापर्यंत असंख्य कलावंतांनी ते पुन्हा गायले.

यशानंतरची वर्षे

१९५९ साली 'प्योवे' या गीताने मोदुन्यो यांनी सानरेमो पुन्हा जिंकला. १९६२ मध्ये क्लाउदिओ विल्ला यांच्यासह 'आद्दिओ... आद्दिओ...' आणि १९६६ मध्ये जिल्योला चिंक्वेत्ती यांच्यासह 'दिओ, कोमे ती आमो' ही गीतेही विजयी ठरली. यांपैकी शेवटच्या गीताची कथा विलक्षण आहे. मायदेशी विजयी झालेल्या आणि पुढे लोकप्रिय ठरलेल्या या गीताला लक्झेंबर्ग येथील युरोव्हिजन स्पर्धेत एकही गुण मिळाला नाही. तालमीच्या वेळी वाद्यवृंदाशी मोदुन्यो यांचा खटका उडाला होता. त्यांच्या 'इओ' या गीताचे इंग्रजी रूप 'आस्क मी' या नावाने एल्व्हिस प्रेस्ली यांनी गायले.

रंगभूमीवरील त्यांचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे 'रिनाल्दो इन काम्पो'. इटलीच्या एकीकरणाच्या शताब्दीनिमित्त १९६१ मध्ये तोरिनो येथे रंगमंचावर आलेल्या या संगीत नाटकात गॅरिबाल्दीच्या बाजूने उभा राहणारा सिसिलियन दरोडेखोर त्यांनी साकारला. नाटकाचे संगीतही त्यांचेच होते. दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी यांच्याशी त्यांचा संबंध त्यामानाने कमी परिचित आहे. पासोलिनी यांच्या 'उच्चेल्लाच्ची ए उच्चेल्लिनी' (१९६६) या चित्रपटाची श्रेयनामावली एन्नियो मोरिकोने यांच्या संगीतावर मोदुन्यो यांनी चक्क गाऊन दाखवली आहे. 'के कोझा सोनो ले नुव्होले?' या लघुपटात ते गात गात कचरा गोळा करणाऱ्या माणसाच्या भूमिकेत दिसतात. मोडलेल्या कळसूत्री बाहुल्या तो उकिरड्यावर नेऊन टाकतो आणि तेथे पडल्यावर त्या बाहुल्यांना आयुष्यात प्रथमच ढग दिसतात. त्यातील गीताचे शब्द पासोलिनी यांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधून वेचले होते; चाल मोदुन्यो यांची होती. १९७३ मध्ये जोर्जो स्त्रेहलर यांनी मिलानो येथे सादर केलेल्या ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'मध्ये मॅकी मेसरची भूमिका त्यांनीच केली.

१९७० च्या दशकात इटालियन श्रोत्यांची अभिरुची बदलली होती. नव्या पिढीचे गीतकार अधिक राजकीय आणि अधिक खाजगी लिहीत होते. तरीही 'ला लोंतानांझा' (१९७०) या विरहगीताने आणि 'प्यांजे... इल तेलेफोनो' (१९७५) या गीताने मोदुन्यो पुन्हा विक्रीच्या याद्यांत वर आले. दुसरे गीत हे क्लोद फ्रांस्वा यांच्या फ्रेंच गीताचे इटालियन रूप होते. आपणच तिचे वडील आहोत हे न सांगता लहान मुलीशी दूरध्वनीवर बोलणारा माणूस त्यात आहे. समीक्षकांनी त्याला अतिभावुक ठरवले, तर जनतेने ते यादीत पहिल्या स्थानी नेले. या दोहोंपैकी कोणताही निवाडा पूर्णपणे चुकीचा म्हणता येत नाही. घटस्फोटाच्या कायद्यावर १९७४ साली झालेल्या सार्वमतात मोदुन्यो यांनी कायदा टिकवण्याच्या बाजूने प्रचार केला.

आजारपण आणि राजकारण

जून १९८४ मध्ये मिलानो येथे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या कामात असताना मोदुन्यो यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू निकामी झाली आणि वाणीवरही परिणाम झाला. पसरलेल्या हातांसाठी ओळखला जाणारा गायक हात उचलू शकत नव्हता. पुढील काही वर्षे उपचार आणि व्यायाम यांत गेली.

या काळात ते रॅडिकल पक्षाच्या जवळ आले. घटस्फोट आणि नागरी हक्कांसाठी झगडणारा हा छोटा पक्ष होता. १९८७ च्या निवडणुकीत त्याच्या वतीने ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून गेले. प्रसिद्ध कलावंतांना पक्ष शोभेसाठी उभे करतात, तसाच हा प्रकार असावा असे अनेकांना वाटले होते. मोदुन्यो यांनी मात्र अपंगांच्या हक्कांचा प्रश्न स्वतःच्या अनुभवातून लावून धरला.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम सिसिलीतील आग्रिजेंतो येथील मनोरुग्णालयाशी निगडित आहे. १९७८ च्या कायद्याने, ज्याला मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बासाल्या यांच्या नावाने ओळखतात, इटलीतील जुनी वेड्यांची इस्पितळे बंद करण्याचे ठरले होते. परंतु कायदा झाला तरी पर्यायी व्यवस्था सर्वत्र उभी राहिली नाही. आग्रिजेंतो येथे रुग्ण घाणीत, अपुऱ्या कपड्यांत आणि जवळपास विनाउपचार राहत होते. मोदुन्यो यांनी तेथे भेट देऊन ही स्थिती चव्हाट्यावर आणली, संसदेत प्रश्न उपस्थित केला आणि वृत्तपत्रांना तिकडे पाहण्यास भाग पाडले. १९८९ मध्ये त्याच रुग्णांसाठी आग्रिजेंतो येथे त्यांनी मैफल केली. आजारपणानंतर ते प्रथमच जाहीररीत्या गात होते.

अखेरची वर्षे

पोलिन्यानोशी असलेला दुरावा ऑगस्ट १९९३ मध्ये संपला. त्या रात्री गावात झालेल्या मैफलीला हजारोंच्या संख्येने लोक जमले. मोदुन्यो यांनी गावकऱ्यांसमोर मन मोकळे केले आणि जुने गाऱ्हाणे मिटले. आवाज थकलेला होता, शब्द पूर्वीसारखे स्पष्ट उमटत नव्हते. तरीही मैफल पार पडली. त्याच वर्षी मुलगा मास्सिमो यांच्यासह गायलेले 'देल्फीनी' हे त्यांचे गीत प्रसिद्ध झाले.

६ ऑगस्ट १९९४ रोजी भूमध्य समुद्रातील लाम्पेदुझा बेटावर, समुद्राकाठच्या आपल्या घरी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६६ वर्षांचे होते.

२००५ मध्ये युरोव्हिजनच्या अर्धशतकानिमित्त घेतलेल्या मतदानात 'नेल ब्लू दिपिंतो दि ब्लू' हे गीत स्पर्धेच्या इतिहासातील दुसऱ्या क्रमांकाचे ठरले. सानरेमोच्या निवड समितीने १९६८ साली नाकारलेले त्यांचे 'मेराव्हिल्योझो' हे आत्महत्येच्या विचारापासून माणसाला परत फिरवणारे गीत नेग्रामारो या सालेंतोच्या रॉक गटाने २००८ मध्ये नव्याने लोकप्रिय केले. पोलिन्यानो आ मारे येथे समुद्राकाठी मोदुन्यो यांचा कांस्य पुतळा उभारलेला आहे. त्याचे दोन्ही हात पसरलेले असून पाठ समुद्राकडे आणि तोंड गावाकडे आहे.