रेने लाकोस्त : सरावानें घडलेला टेनिसपटु

जो जन्मतःच बलवान, त्यानें खेळांत नांव मिळवावें यांत नवल तें काय? परंतु ज्याची प्रकृति नाजूक व ज्याच्या अंगीं उपजत चापल्य बेताचेंच, अशा तरुणानें आपल्या काळच्या सर्वश्रेष्ठ टेनिसपटूंस नमवावें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं मनन करण्याजोगी आहे. फ्रान्समधील रेने लाकोस्त हा असा पुरुष होऊन गेला.

त्याचा जन्म ता. २ जुलै १९०४ रोजीं पॅरिस शहरीं झाला. त्याचे वडील मोटारींच्या कारखान्यांत मोठे अधिकारी होते. वयाच्या पंधराव्या वर्षीं त्यांच्यासह इंग्लंडास गेला असतां रेनेनें प्रथम रॅकेट हातीं घेतली. ज्या वयांत इतर नामांकित खेळाडूंचा हात बसलेला असतो, त्या वयांत याचा प्रारंभ झाला! पुढें अभ्यासक्रम सोडून खेळासच वाहून घेण्याची इच्छा त्यानें दर्शविली, तेव्हां वडिलांनीं पांच वर्षांची मुदत घालून दिली, असें सांगतात.

लाकोस्तनें आपली उणीव ओळखली व ती भरून काढण्याचा मार्गही शोधला. तो जवळ एक वही बाळगी. प्रतिस्पर्ध्यांचें बळ कशांत व दुबळेपणा कशांत, हें बारकाईनें पाहून तो तींत टिपून ठेवी. मैदानाच्या मागच्या रेषेजवळ राहून, आलेला प्रत्येक चेंडू दूरवर व नेमका परत धाडणें, ही त्याची रीत. ती साधण्यास एकच फटका शेंकडों वेळां मारावा लागतो. आणि तितका वेळ चेंडू टाकीत राहणारा सोबती कोठून मिळावा? म्हणून त्यानें हातानें फिरवावयाचें, चेंडू फेंकणारें एक यंत्र रचिलें. आजच्या सराव-यंत्रांचें तें पूर्वजच होय.

या उद्योगाचें फळ त्यास मिळालें. १९२५ सालीं त्यानें फ्रान्सचें व विंबल्डनचें, आणि १९२६ सालीं अमेरिकेचें अजिंक्यपद मिळविलें. अमेरिकेचा बिल टिल्डन हा त्या काळचा अत्यंत बलाढ्य वीर. १९२७ च्या अमेरिकन अंतिम सामन्यांत लाकोस्तनें त्यास ११–९, ६–३, ११–९ असें हरविलें. त्यापूर्वीं थोडेच दिवस फिलाडेल्फिया येथें फ्रान्सनें डेव्हिस कप प्रथमच जिंकला, त्यांतही त्यानें टिल्डनवर मात केली होती.

१९२८ सालीं विंबल्डन व १९२९ सालीं फ्रान्स येथें तो पुन्हां विजयी झाला. परंतु लवकरच आजारपणामुळें ऐन पंचविशींत त्यास नियमित खेळ सोडावा लागला. दुसरा एखादा खचून गेला असता. लाकोस्तनें आपलें लक्ष खेळाच्या साधनांकडे वळविलें. लांब बाह्यांचा ताठ सदरा हालचालीस अडथळा करितो, हें जाणून तो आंखूड बाह्यांचा, विणलेल्या सुती कापडाचा सदरा वापरीत असे. १९३३ सालीं एका भागीदारासह त्यानें तसे सदरे विकण्याचा धंदा काढला. त्यांवरील सुसरीचें चिन्ह म्हणजे त्याचें खेळांतलें टोपणनांवच होय. पुढें १९६३ सालीं त्यानें लांकडाऐवजीं पोलादी नळीच्या रॅकेटचें पेटंट घेतलें. अशाच रॅकेटनें जिमी कॉनर्स १९७४ सालीं विंबल्डन जिंकला. लाकोस्त ता. १२ ऑक्टोबर १९९६ रोजीं वारला.

आतां क्रम पहा. लाकोस्तचे सारे मोठे विजय साध्या लांकडी रॅकेटचे आहेत. पोलादी रॅकेट त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीं आली. साधनाचें महत्त्व त्याच्याइतकें कोणीं जाणलें? तरीही त्याच्या आयुष्यांत आधीं सराव आला व मग साधन. पालकांनीं मुलाच्या हातास मूठ नीट बसेल अशी, फार जड नसलेली रॅकेट घेऊन द्यावी. महागडीचा आग्रह नको. आणि विद्यार्थ्यांनों, यंत्र नसलें तर शाळेची भिंत आहे. तिच्यावर खडूनें खूण करून रोज तेथेंच चेंडू मारा, आणि आज किती चुकले तें वहींत लिहा. हरल्यावर रॅकेटीस दोष देण्यापूर्वीं ती वही उघडून पहावी.