कल्याणमित्र : गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर

आपल्या विद्यालयाच्या विहारात तथागतांच्या मूर्तीजवळ परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा आहे. वसतिगृहात राहत असताना आम्ही रोज सकाळी त्रिसरण-पंचशील ग्रहण करून त्या प्रतिमेस अभिवादन करीत असू. बाबासाहेबांच्या पदव्यांची मालिका आम्हांला मुखोद्गत होती. परंतु मॅट्रिक झालेल्या भीमरावांना पुढची वाट कोणी दाखविली, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात कधी आला नाही. तो आला शाळा सोडल्यावर. कारण तोवर आमच्यावरही तीच वेळ आली होती. निकालपत्र हाती होते, घरात आनंद होता, पेढे वाटून झाले होते. आणि आता पुढे काय, हे सांगू शकेल असे घरात कोणीच नव्हते. आमच्यापैकी काहींना त्या वेळी सांगणारे कोणी भेटले. काहींना भेटले नाही, आणि आमच्याहून हुशार असलेले ते सोबती तिथेच थांबले.

म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत, ज्याचे नाव बाबासाहेबांच्या प्रत्येक चरित्रात येते, परंतु दोन-चार ओळींपुढे सहसा जात नाही. ते नाव म्हणजे गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर.

केळुसकरांचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी वेंगुर्ल्याजवळील केळूस या गावी झाला. कोकणातील अनेकांप्रमाणे त्यांचेही आयुष्य मुंबईत गेले. तेथे ते शिक्षकी पेशात शिरले आणि विल्सन हायस्कूलमध्ये त्यांनी अध्यापन केले. शिक्षकाच्या मर्यादित वेतनावर संसार सांभाळीत त्यांनी अखंड व्यासंग केला. संत तुकारामांचे चरित्र त्यांनी लिहिले. छत्रपती शिवाजी महाराजांचे त्यांनी लिहिलेले विस्तृत चरित्र पुढे इंग्रजीतही गेले. या सर्व ग्रंथसंपदेत आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ग्रंथ म्हणजे १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धांचे चरित्र. ज्या काळी महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला बुद्धांचे नाव फार तर दशावतारांच्या यादीतून ठाऊक होते, त्या काळी एका शाळामास्तराने मराठीत त्यांचे जीवन सांगितले. हा ग्रंथ दहा वर्षांनी कोणाच्या हाती पडणार आहे, याची कल्पना लेखकाला असणे शक्य नव्हते.

त्या वेळी सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब परळच्या एका चाळीतील लहानशा खोलीत राहत होते. घरात माणसे पुष्कळ आणि जागा थोडी. भीमरावांना रात्री लवकर निजवून सुभेदार पहाटे दोनच्या सुमारास त्यांना उठवीत आणि रॉकेलच्या दिव्यापुढे अभ्यासाला बसवीत. मुलाला पुस्तक हवे असले की विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करीत. वडिलांनी करावयाचे ते सर्व सुभेदारांनी केले. परंतु वडिलांचे कष्ट कितीही असले तरी त्यांची पोच त्यांच्या ओळखीपाळखीइतकीच असते. महाविद्यालय, विद्यापीठ, शिष्यवृत्ती या जगाच्या उंबरठ्यावर सुभेदारांच्या ओळखीचे माणूस थोडेच होते.

भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन एका बाजूला वाचीत बसत. इतर मुले तेथे खेळत असताना एक मुलगा नित्यनेमाने पुस्तकात डोके घालून बसतो, हे त्याच बागेत येणाऱ्या केळुसकरांच्या लक्षात आले. त्यांनी जवळ जाऊन चौकशी केली. नाव विचारले, गाव विचारले, जात विचारली. मुलाने आपण महार असल्याचे सांगितले. त्या काळी या उत्तरानंतर बहुतेक संभाषणे संपत असत. हे संभाषण मात्र तेथून सुरू झाले.

येथे क्षणभर थांबून आपण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भीमराव केळुसकरांच्या वर्गातले नव्हते. त्यांच्या शाळेतलेही नव्हते. केळुसकर अस्पृश्य समाजात जन्मलेले नव्हते. या मुलाकडे पाहण्याचे काम त्यांच्यावर कोणी सोपविले नव्हते, आणि ते केले म्हणून त्यांना काही मिळणारही नव्हते. तरीही त्या दिवसापासून त्यांनी या मुलाला वाचावयास पुस्तके दिली, काय वाचावे आणि कसे वाचावे हे सांगितले. सुभेदारांशीही त्यांचा स्नेह जुळला.

या स्नेहाचा उपयोग लवकरच झाला. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील मंडळींनी त्यांचा जाहीर सत्कार करण्याचे ठरविले. सुभेदारांनी नकार दिला. एवढ्याशा यशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. तेव्हा ही मंडळी दादा केळुसकरांकडे गेली. दादांनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा झाली. त्या सभेत त्यांनी भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चरित्रकार हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकच्या यशानंतरचा म्हणून सांगतात. स्वतः बाबासाहेबांनी तो इंग्रजी चौथीच्या वेळचा म्हणून नोंदविला आहे. ग्रंथ आणि तो देणारा हात मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १९५६ मध्ये, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना बाबासाहेबांना ही भेट आठवली. ते पुस्तक वाचून आपण भारावून गेलो, आपण बुद्धांकडे वळलो ते या पुस्तकामुळे, अशी कृतज्ञ नोंद त्यांनी त्यात केली आहे. म्हणजे जो धम्म आज आपल्या या विद्यालयाचा पाया आहे, त्याचे बीज एका सत्कारसभेतील पुस्तकाच्या रूपाने पेरले गेले होते.

मॅट्रिकच्या परीक्षेत भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या टक्केवारीच्या जमान्यात या आकड्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. परंतु केळुसकरांनी त्या मुलाला पाहिले होते ते बागेतल्या बाकावर, गुणपत्रिका हाती येण्याच्या आधी. गुणपत्रिकेवरून मुलाची पारख करण्याची त्यांना गरज नव्हती.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले आणि इंटरची परीक्षाही उत्तीर्ण झाले. येथे मात्र सुभेदारांची आर्थिक शक्ती संपली. शिक्षण थांबणार असे दिसू लागले. बडोद्याचे अधिपती श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी अस्पृश्य समाजातील होतकरू विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याची तयारी मुंबईत जाहीर केली होती. ही गोष्ट केळुसकरांना ठाऊक होती. त्यांनी महाराजांना त्यांच्या शब्दाची आठवण दिली आणि भीमरावांना बरोबर घेऊन ते स्वतः महाराजांच्या भेटीस गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, भीमरावांनी उत्तरे दिली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

या प्रसंगात केळुसकरांनी खिशातून काय दिले, असे कोणी विचारील तर उत्तर फार थोडे आहे. त्यांनी दिली ती माहिती, त्यांनी दिला तो शब्द, आणि ते बरोबर चालत गेले. मदत देणारा राजा होता आणि मदतीस पात्र विद्यार्थी होता. परंतु दोघे एकाच शहरात असूनही एकमेकांपर्यंत पोहोचू शकत नव्हते. मधले अंतर एका शिक्षकाने चालून पार केले.

१९१२ साली भीमरावांचे बी. ए.चे शिक्षण पूर्ण झाले. १९१३च्या फेब्रुवारीत सुभेदारांचे निधन झाले. मुलाला पदवीधर झालेला पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले होते. त्याच वर्षी बडोदे सरकारने भीमरावांना परदेशातील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. एकदा उघडलेले दार असे पुढचे दार उघडीत गेले.

परंतु चरित्र सांगावयाचे तर यशाबरोबर अपयशही सांगितले पाहिजे. १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास गेलेल्या या विद्वानाला तेथे राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला होता तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ते मुंबईस परतल्यावर केळुसकर पुन्हा पुढे सरसावले. बडोद्यातील आपल्या परिचयाच्या एका प्राध्यापकांच्या घरी त्यांची राहण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली. त्या आशेवर बाबासाहेब पुन्हा बडोद्यास गेले, तो स्टेशनवरच निरोप मिळाला की घरातील विरोधामुळे ही सोय होऊ शकत नाही. त्यांना तेथूनच माघारी फिरावे लागले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो. एका सज्जन माणसाच्या ओळखीने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे त्यातून दिसते. जातीची भिंत एका शिफारसपत्राने पडत नाही. तिच्यासाठी संघर्षच करावा लागतो, आणि तो बाबासाहेबांनी पुढे उभा केला. परंतु त्यातून दुसरीही गोष्ट दिसते. शिष्यवृत्ती मिळवून दिली की आपले काम संपले, असे केळुसकरांनी मानले नव्हते. दहा वर्षांपूर्वी बागेत भेटलेला मुलगा परदेशी विद्या घेऊन आला होता, तरीही तो अडचणीत आहे असे कळताच ते पुन्हा धावले.

बाबासाहेबांनी हा वारसा संस्थांच्या रूपाने वाढविला. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय उभे राहिले. जे एका मुलाला योगायोगाने मिळाले, ते हजारो मुलांना हक्काने मिळावे, हा त्यामागचा विचार होता. आपले वसतिगृहही त्याच विचाराचे अपत्य आहे.

केळुसकर गुरुजींचे निधन १४ ऑक्टोबर १९३४ रोजी झाले. बरोबर बावीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्धांना शरण जाऊन धम्म स्वीकारला. तो दिवस पाहण्यास गुरुजी नव्हते. तरी त्या दिवसाच्या पाठीशी जी अनेक कारणे आहेत, त्यांत त्यांनी दिलेले एक पुस्तकही आहे.

तथागतांनी भिक्खू आनंदांना कल्याणमित्राचे महत्त्व सांगितले आहे. सन्मार्गावर सोबत करणारा मित्र लाभणे म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग नव्हे, तर ते संपूर्ण धम्मजीवनच होय, असा त्या उपदेशाचा आशय आहे. केळुसकर गुरुजींच्या चरित्राला याहून अर्थपूर्ण शब्द आम्हांस सापडत नाही.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आज शिष्यवृत्त्या आहेत, आरक्षण आहे, शासकीय वसतिगृहे आहेत. परंतु ज्या घरात पहिलेच मूल बारावी होते, त्या घराला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला केव्हा काढावा, जात पडताळणीला किती वेळ लागतो, अर्जाची मुदत कधी संपते, कोणत्या शाखेतून कोणती वाट निघते, हे आजही कोणी जवळ बसून सांगावे लागते. मुदत एका दिवसाने चुकली म्हणून वर्ष गेलेली आणि वर्ष गेले म्हणून शिक्षण सुटलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यासाठी राजा व्हावे लागत नाही. शिक्षक, कारकून, परिचारिका, अभियंता, जे कोणी आपण आहोत तेवढे पुरे आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या एका विद्यार्थ्याचे नाव विचारावे, त्याच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे, त्याच्याबरोबर प्रवेशाच्या खिडकीपर्यंत जावे, आणि प्रवेश मिळाल्यावरही त्याला विसरू नये.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. असा कोणी घरी आला तर संकोच करू नका. सुभेदार रामजी हे स्वाभिमानी गृहस्थ होते. तरी मुलाच्या हितासाठी त्यांनी एका स्नेह्याचा सल्ला मानला.

चर्नी रोडच्या बागेत त्या दिवशी अनेक माणसे फिरावयास आली असतील. पुस्तक वाचीत बसलेला मुलगा त्यांतील पुष्कळांना दिसलाही असेल. त्याच्याजवळ जाऊन त्याचे नाव विचारणारे केळुसकर गुरुजी होते. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.