डॉ. आडेल्की नेग्री

पिसाळलेल्या कुत्र्याचे भय आपल्या बीड जिल्ह्यातील कोणत्या खेड्यास ठाऊक नाही? चावलेले कुत्रे खरोखर पिसाळलेले होते काय, हे पूर्वी त्याच्या मेंदूचा अंश सशास टोचून दोन-तीन आठवड्यांनी कळत असे. तो घोर काही तासांवर आणणारे संशोधक म्हणजे इटलीचे डॉ. नेग्री होत.

त्यांचा जन्म १८७६ साली पेरूजिया येथे झाला. पाव्हिया विद्यापीठात त्यांना कामिल्लो गोल्जी यांच्यासारखे थोर गुरू लाभले. १९०३ साली अलर्क रोगाने मेलेल्या जनावरांच्या मज्जापेशींत त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट पिंड आढळले. हेच रोगाचे जंतू, असे त्यांनी मानले. ते अनुमान चुकले. रोग विषाणूचा ठरला. परंतु ओळखलेली खूण खरी होती. ‘नेग्री-पिंड’ अनेक दशके जगभर निदानाचा आधार ठरले. पत्नी लीना लुत्सानी यांनीही या संशोधनास मोलाची जोड दिली. १९१२ साली, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

आज याहून अचूक कसोट्या उपलब्ध आहेत. तथापि लक्षणे उमटल्यावर रोगी क्वचितच वाचतो. म्हणून कुत्रे चावताच जखम साबणपाण्याने १५ मिनिटे धुवावी व विनाविलंब लस टोचून घ्यावी. त्या अल्पायुषी संशोधकाचे खरे स्मरण हेच होय.