व्हॉल्व्हचे जनक ली डी फॉरेस्ट

व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की आवाज येईपर्यंत काही क्षण थांबावे लागे, हे जुन्या पिढीला आठवत असेल. काचेतील तार तापल्याखेरीज तो बोलत नसे. ध्वनी वाढविणाऱ्या या निर्वात नलिकेचे जनक अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्ट.

२६ ऑगस्ट १८७३ रोजी आयोवा राज्यातील कौन्सिल ब्लफ्स येथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. अलाबामात टॅलाडेगा येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी स्वीकारल्याने गावातील गोऱ्या समाजाने या कुटुंबाला दूर ठेवले. ली यांचे बालपण त्यामुळे बरेचसे पुस्तके आणि यंत्रांच्या संगतीत गेले. १८९९ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली.

१९०४ मध्ये इंग्लंडच्या फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची नलिका तयार केली होती. डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तापणारी तार आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये नागमोडी वळविलेली तिसरी तार बसविली. या जाळीवरील क्षीण दाबाने पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-अधिक होतो. ध्वनिवर्धकाचे सारे मर्म यातच आहे. नलिकेचे नाव त्यांनी ‘ऑडिऑन’ ठेवले.

मात्र ती नेमकी कशी चालते, हे खुद्द जनकालाच उमगले नव्हते. काचेत थोडा वायू शिल्लक असलाच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. परिणामी एक नलिका दुसरीसारखी नसे. न्यूयॉर्कचे दिवे बनविणारे मॅककँडलेस ती तयार करीत. त्यांतील सरस नलिका निवडून ‘एक्स’ प्रतीच्या म्हणून चढ्या दराने विकल्या जात. प्रत्येकीसाठी बॅटरीचा दाब वेगळा जुळवावा लागे. तो वाढला की काचेत निळी आभा दिसे आणि नलिका निकामी ठरे. तार लवकर जळत असल्याने अनेक नलिकांत दुसरी तार राखीव असे. आजही नलिकांच्या ध्वनिवर्धकाचे शौकीन जुळणाऱ्या जोड्या शोधतात आणि शेवटच्या टप्प्यातील नलिका बदलल्यावर बायस नव्याने लावतात. ती खटपट इतकी जुनी आहे!

१९१३ च्या अखेरीस डी फॉरेस्ट आरोपीच्या पिंजऱ्यात होते. कंपनीचे समभाग विकताना गुंतवणूकदारांना फसविल्याचा आरोप होता, आणि ऑडिऑन हा कवडीमोलाचा दिवा असल्याचे सरकारी पक्ष सांगत होता. सहकाऱ्यांना शिक्षा झाली, ते मात्र निर्दोष सुटले. गंमत म्हणजे, त्याच १९१३ मध्ये एटी अँड टी कंपनीने दूरध्वनीसाठी या दिव्याचे हक्क ५० हजार डॉलरला घेतले होते. कंपनीचे हॅरोल्ड अर्नोल्ड यांनी उरलेला वायूही काढून टाकला, आणि नलिका भरवशाची झाली. १९१५ मध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोशी बोलणे सुरू झाले ते तिच्याच बळावर.

पुढे एडविन आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांचा पुनर्भरण मंडलावरून प्रदीर्घ वाद झाला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने कौल दिला. अनेक अभियंत्यांना तो अखेरपर्यंत पटला नाही. मंडलाचे कार्य उलगडून सांगितले ते आर्मस्ट्राँग यांनीच, हे मान्य करावे लागते.

१९२३ मध्ये फोनोफिल्मद्वारे त्यांनी बोलपटही दाखविले, पण बाजार इतरांनी काबीज केला. या कामासाठी मानद ऑस्कर मिळाले ते १९६० मध्ये. ३० जून १९६१ रोजी हॉलिवूड येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या बँक खात्यात जेमतेम साडेबाराशे डॉलर होते.