नवसागर पिणारा, कानातून धूर काढणारा शास्त्रज्ञ. हॉल्डेन स्वतःवरच प्रयोग का करायचे?

कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो आणि पांढरा धूर उठतो, आठवतंय? हाच नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, 1920 च्या दशकात एक ब्रिटिश शास्त्रज्ञ पाण्यात विरघळवून मुद्दाम प्यायले. मग काही दिवस त्यांना सारखी धाप लागत राहिली. त्यांना नेमकं हेच हवं होतं! (घरी करून बघू नका.)

हे महाशय म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. उत्क्रांतीच्या सिद्धांताला गणिताची भक्कम जोड देणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांपैकी एक.

बापसे बेटा सवाई

5 नोव्हेंबर 1892 रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन खाणीतल्या विषारी वायूंचे अभ्यासक. धोका ओळखण्यासाठी खाणीत कॅनरी पक्षी न्यायची कल्पना त्यांचीच. एकदा मुलालाच खाणीत नेऊन त्यांनी शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधलं मार्क अँटनीचं भाषण उभ्यानं म्हणायला लावलं. म्हणता म्हणता पोराला धाप लागली आणि ते खाली कोसळलं. जमिनीवर पडताच मात्र श्वास नीट चालू! मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साचतो, हा धडा असा मिळाला. 13 व्या वर्षी वडिलांनी त्याला मोठ्या माणसाचा ढगळ पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात सोडलं. पाणी आत शिरून छातीपर्यंत आलं.

नवसागरच का?

शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास जोरात चालतो, हे वडिलांनी दाखवलं होतं. यामागे रक्ताची आम्लता आहे का, हे मुलाला तपासायचं होतं. थेट हायड्रोक्लोरिक ॲसिड प्यावं तर दात आणि घसा जाणार. खूप पातळ करून प्यायलं, तर पुरेसं पोटात जाईना. नवसागरात ते जणू लपवून आत नेता येतं: शरीर त्यातल्या अमोनियाचा युरिया करतं आणि मागे ॲसिड उरतं. रक्त फार अल्कधर्मी होऊन झटके येणाऱ्या बाळांवर हाच नवसागर औषध म्हणूनही वापरला गेला.

मग ससे का नाही वापरले? डोकं दुखतंय की गरगरतंय, हे ससा सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. इंजिनिअरिंगच्या भाषेत, मशीनही तेच आणि सेन्सरही तेच.

99 मृत्यू आणि एक बंद टाकी

1 जून 1939. 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीदरम्यान लिव्हरपूलजवळच्या समुद्रात बुडाली. आत 103 जण, त्यात गोदीचे अनेक कामगार. शेपटाकडचा भाग कित्येक तास पाण्याबाहेर दिसत होता, तरी वाचले फक्त चौघे. कामगार संघटनांनी हॉल्डेन यांना कारण शोधायला सांगितलं. ते काही सहकाऱ्यांसह बंद टाकीत जाऊन बसले आणि हवा बिघडू दिली. कार्बन डायऑक्साइड साचला की डोकं ठणकतं, उलट्या होतात, सुटकेचं साधन वापरण्याइतकंही भान राहत नाही. म्हणजे बाहेर पडायला उशीर करणंच घातक.

पुढे युद्धकाळात नौदलासाठी त्यांनी प्रचंड दाब, बर्फासारखं पाणी आणि दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन, सगळं अंगावर घेतलं. सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या हेलन स्परवे याही त्यात होत्या. ऑक्सिजनमुळे आलेल्या झटक्यात हॉल्डेन यांचे मणके दुखावले आणि पाठदुखी कायमची मागे लागली. कानाच्या पडद्याला भोक पडलं. तंबाखूचा धूर त्या कानातून काढून ते चारचौघांत गंमत करायचे. पाठीची मात्र गंमत नव्हती.

शेवट भारतात

1957 मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, कुर्ता घालू लागले आणि 1961 मध्ये भारतीय नागरिक झाले. कर्करोग झाल्यावर 1964 मध्ये त्यांनी त्यावर चक्क विनोदी कविता लिहिली. लोकांनी लवकर तपासणी करावी, हा तिचा हेतू. 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी आंध्रातल्या काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला देण्यात आला.