महाकवी लक्ष्मीप्रसाद देवकोटा

हिमालयाच्या कुशीत नेपाळ हा देश वसलेला आहे. तेथील नेपाळी भाषा आपल्या मराठीप्रमाणेच देवनागरी लिपीत लिहितात. या भाषेला थोर काव्यांचे लेणे चढविणाऱ्या कवीचे नाव लक्ष्मीप्रसाद देवकोटा. नेपाळी लोक त्यांना आदराने 'महाकवी' म्हणतात.

लक्ष्मीप्रसादांचा जन्म १९०९ साली काठमांडू नगरातील धोबीधारा या भागात झाला. तो दिवाळीतील लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. लक्ष्मीचा प्रसाद म्हणून मातापित्यांनी बालकाचे नाव लक्ष्मीप्रसाद ठेवले. पण धनलक्ष्मी मात्र या मुलावर कधीच प्रसन्न झाली नाही. प्रसन्न झाली ती सरस्वती!

वडील तिलमाधव हे संस्कृतचे पंडित होते. त्यांच्याजवळच लक्ष्मीप्रसादांनी संस्कृत भाषेचे पहिले धडे घेतले. पुढे त्यांनी दरबार शाळेत व त्रिचंद्र महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि बी. ए. ची पदवी मिळविली. एम. ए. व्हावे, अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु घरची ओढगस्त आड आली. संसार चालविण्यासाठी त्यांना दारोदार शिकवण्या कराव्या लागल्या. दिवस शिकविण्यात जाई आणि उरलेल्या वेळात कविता लिहिली जाई.

त्या काळी पंडितांना संस्कृत वृत्तांतील कविताच श्रेष्ठ वाटे. डोंगरातील कष्टकरी माणसे ज्या 'झ्याउरे' चालीवर गाणी गात, ती चाल त्यांना हलकी वाटे. लक्ष्मीप्रसादांनी त्याच चालीवर 'मुनामदन' हे काव्य रचले. १९३६ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील मदन हा तरुण वृद्ध आई व पत्नी मुना यांना घरी ठेवून धन मिळविण्यासाठी तिबेटात ल्हासा येथे जातो. परत येताना तो वाटेत आजारी पडतो. सोबती त्याला रानात टाकून जातात. पण एक अनोळखी तिबेटी मनुष्य त्याला उचलून घरी नेतो व त्याचे प्राण वाचवितो. मदन घरी पोचतो तेव्हा मुना या जगात नसते. ही करुण कथा नेपाळच्या घराघरांत गायिली जाऊ लागली. ज्या चालीला पंडित नाक मुरडत, तिनेच कवीला लोकांच्या हृदयात नेऊन बसविले.

याच सुमारास घरात एकामागून एक मृत्यू झाले. त्या आघातांनी लक्ष्मीप्रसादांचे मन खचले. १९३९ साली त्यांना उपचारांसाठी रांची येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी पुन्हा लेखणी हाती धरली. नेपाळी भाषा प्रकाशिनी समितीत त्यांना काम मिळाले. तेथेच त्यांच्या प्रतिभेला बहर आला. अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी 'शाकुंतल' हे महाकाव्य लिहिले. नेपाळी भाषेतील हे पहिले स्वतंत्र महाकाव्य मानले जाते. त्यापाठोपाठ 'सुलोचना' हे महाकाव्य तर त्यांनी दहा दिवसांत पुरे केले !

त्या काळी नेपाळात राणा घराण्यातील पंतप्रधानांची एकतंत्री सत्ता होती. मोकळेपणाने बोलणे वा लिहिणे हा तेथे अपराध ठरे. १९४७ साली लक्ष्मीप्रसाद नोकरी व घरदार सोडून काशीला गेले. तेथे 'युगवाणी' या पत्राच्या संपादनात त्यांनी भाग घेतला. परक्या गावी त्यांना अतिशय हलाखीत दिवस काढावे लागले, तरी त्यांची लेखणी थांबली नाही. १९५१ साली राणांची सत्ता संपली. पुढे १९५७ साली काही महिने ते नेपाळचे शिक्षणमंत्रीही झाले. परंतु अधिकाराने त्यांच्या घरची गरिबी काही हटली नाही.

आपल्या देशाच्या इतिहासानेही या कवीला मोह घातला होता. अजमेरचा चौहान राजा पृथ्वीराज याच्या जीवनावर त्यांनी 'पृथ्वीराज चौहान' हे महाकाव्य रचले. ११९१ साली तराईनच्या रणांगणावर या राजाने महंमद घोरीचा पराभव केला. पण पुढच्याच वर्षी, त्याच रणांगणावर, त्याला स्वतःला पराभूत व्हावे लागले. विजय आणि विनाश यांच्यामध्ये एकाच वर्षाचे अंतर ! शतकानुशतके भाटांनी गायिलेली ही वीरकथा देवकोटांनी नेपाळी भाषेत आणली. परंतु हे महाकाव्य छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९५८ साली ताश्कंद येथे आशिया व आफ्रिका खंडांतील लेखकांची परिषद भरली. प्रकृती ढासळली असतानाही लक्ष्मीप्रसाद तेथे गेले. कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. अखेरच्या दुखण्यातही ते लिहीत होते. आपले इतर सर्व लेखन नष्ट झाले तरी चालेल, पण 'मुनामदन' तेवढे जतन करावे, अशी इच्छा त्यांनी प्रकट केली, असे सांगतात. महाकाव्ये रचणाऱ्या पंडित कवीला शेवटी आठवले ते डोंगरातील साध्या चालीचे गाणे !

१४ सप्टेंबर १९५९ रोजी काठमांडूत पशुपतिनाथाच्या मंदिराजवळ, बागमती नदीच्या घाटावर त्यांनी प्राण सोडला. तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १९९२ साली, 'पृथ्वीराज चौहान' ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती पडले.

लक्ष्मीप्रसादांनी मागे धनदौलत ठेवली नाही. पण दिवाळीत नेपाळातील घरे दिव्यांनी उजळतात, तेव्हा तेथील लोक लक्ष्मीबरोबर आपल्या या महाकवीचेही स्मरण करतात.